पान एकसष्टवरील चौकोन

पहिले वंदन त्या परमेश्वराला, ज्याने प्रश्न मांडले आणि उत्तरांचे पान आपल्यापाशी ठेवून घेतले. दुसरे वंदन त्या असंख्य लेकरांना, जी छातीतली धडधड दाबून, घड्याळाकडे न पाहण्याची शपथ घेऊन, दोन तासांत दोनशे प्रश्नांना सामोरी जातात. आणि तिसरे वंदन एका साध्या माणसाला, ज्याने बत्तीस वर्षे दुसऱ्यांना उत्तरे पुरवली आणि शेवटी आपलेच एक उत्तर स्वतःच्या हाताने खोडले. मला आज बोलायचे आहे ते या तिसऱ्याविषयी.

लोक त्यांना पर्यायसर म्हणत. खरे नाव हजेरीपटावर असेल, शिधापत्रिकेवर असेल. ओठांवर मात्र नव्हते. टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली, तिथे त्यांचा वर्ग. जिना असा उभा, की वर पोचेपर्यंत निम्मा पाढा म्हणून व्हावा. खाली रबराचा वास, वर खडूची धूळ. खाली चाकांत हवा भरली जाई, वर माणसांत. भरती परीक्षेला बसणारी मुले-मुली पहाटेपासून दुपारपर्यंत तीन तुकड्यांत येत. मीही त्या बाकावर दोन वर्षे बसलो आहे. नोकरी लागली नाही, पण त्या खोलीतून रिकाम्या हाताने उतरलो, असे मला आजवर वाटलेले नाही.

पर्यायसर का? तर त्यांच्या जिभेलाच चार पर्यायांची सवय जडली होती. पाहुणा आला, की विचारीत, "चहा? एक, आत्ता. दोन, जरा वेळाने. तीन, अर्धा कप. चार, यांपैकी नाही." आतून त्यांच्या पत्नीचा आवाज येई, "पाच, स्वतः करून घ्या." आणि ते खरोखर उठून करीत. त्यांची लेक कॉलेजात असतानाच ती माउली गेली. त्यानंतर कित्येक दिवस सर प्रश्न विचारीत, चार पर्याय देत, आणि पाचव्याची वाट पाहत आतल्या दाराकडे बघत बसत.

त्यांचे शिकवणे ऐकावे. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा आठ तासांत, तिसरा गळतो. सर ती टाकी अशी भरीत, की पुढच्या बाकावरचा माणूस पाय वर घेई. जगातले सर्वांत उंच, सर्वांत खोल, सर्वांत लांब, सर्वांत जुने, सगळे टोकाचे त्यांना पाठ. आणि स्वतः मात्र मधले, अगदी मधले, घर ते वर्ग आणि वर्ग ते घर एवढीच त्यांची पृथ्वी. आगगाडी पुलावरून किती सेकंदांत जाईल ते सांगत. आगगाडीत बसायला मात्र त्यांना कधी सवड झाली नाही.

पण त्यांचे खरे प्रेम होते नातेसंबंधांच्या प्रश्नांवर. क हा ख चा मामा, ख ही ग ची बहीण, तर क हा ग चा कोण? मुले इथे गडबडत. सरांची रीत सोपी होती. पुरुष असेल तर अक्षराभोवती चौकोन काढायचा. स्त्री असेल तर गोल. आणि प्रश्नात सांगितलेलेच नसेल, तर? इथे सर खडू खाली ठेवीत, हात झटकीत, आणि जणू देवळाच्या उंबऱ्यावर उभे असल्यासारखा आवाज खाली आणीत.

"ज्याची ओळख सांगितली नाही, त्याच्याभोवती रेघ मारायची नाही. नुसतं अक्षर ठेवायचं. तो अजून देवाच्या घरी आहे असं समजा."

या एका नियमावर किती जणांच्या नोकऱ्या उभ्या राहिल्या, ते देवच जाणे.

त्यांनी एक सरावसंच काढला होता. निळे कव्हर, म्हणून सगळे त्याला निळा संच म्हणत. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, अडीच हजार प्रश्न, शेवटी उत्तरे. बत्तीस वर्षांत त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. कव्हर फिके झाले, गडद झाले, पण आतले प्रश्न तेच राहिले. दुसऱ्या वर्गांचे लोक त्यातून उचलीत, त्यांचे पाहून तिसरे उचलीत. सरांना राग येत नसे. "दिव्यानं दिवा लावला तर पहिल्याचं तेल कमी होत नाही," म्हणत.

त्या निळ्या संचात पान एकसष्टवर चौतिसावा प्रश्न असा होता: प ही फ आणि ब या दोघांची आई आहे. ब हे भ चे वडील आहेत. तर भ हे प चे कोण? पर्याय: एक, मुलगा. दोन, नातू. तीन, भाऊ. चार, निश्चित सांगता येत नाही.

मागे उत्तर छापलेले होते, दोन. नातू.

आणि चौथ्या पर्यायाविषयी वर्गात एक विनोद ठरलेला होता. सर सांगत, "चौथा म्हणजे पाहुणा. येतो, बसतो, पाणी पितो, पण घरचा नसतो. त्याला हात लावू नका." भरतीच्या वर्गांत असे संकेत असतात. घाईच्या वेळी ते आधार देतात, आणि आधार कधी आंधळा झाला ते कुणाला कळत नाही. एकदा, फार वर्षांपूर्वी, मागच्या बाकावरच्या कुणीतरी विचारले होते, "सर, भ मुलगी असली तर?" सर खडू फिरवत म्हणाले, "मग तिनं स्वतःचा पर्याय बरोबर घेऊन यायचं." वर्ग हसला. कोपऱ्यात कव्हरांना डिंक लावत बसलेली दहा वर्षांची एक मुलगीही हसली; सगळे हसले म्हणून हसली. ती सरांची लेक.

या लेकीविषयी सांगतो, म्हणजे पुढचे तुम्हाला कळेल.

ती त्या वर्गातच वाढली. मुले बडबडगीते म्हणतात त्या वयात ती निळ्या संचाची उत्तरे म्हणत असे, पान उघडले की प्रश्न वाचायच्या आधी उत्तर तयार. पुढे संच टाइप करायचे, मुद्रिते तपासायची, फीचे कार्ड भरायचे, सगळे तिच्याकडे आले. बापाची नजर अधू झाली तसे तिचे डोळे हेच त्यांचे डोळे झाले. आणि या सगळ्यातून वेळ काढून ती स्वतः परीक्षा देत राहिली. पाणीपुरवठा खात्यातील कनिष्ठ लिपिक, एवढेच तिचे मागणे होते. नऊ वेळा बसली. कधी दोन गुण कमी पडले, कधी अर्धा. एकदा यादीत नाव आले आणि भरतीच रद्द झाली. वर्गातली मुले साहेब झाली, पेढे घेऊन आली. ती पेढा घेई, "अभिनंदन" म्हणे आणि पुढच्या तुकडीचे कागद लावायला बसे.

"मला मोठं काही नको, बाबा," ती एकदा म्हणाली होती. "एक खुर्ची हवी. जिथे मी कुणाची तरी मुलगी म्हणून बसलेली नसेन."

दहाव्यांदा दिलेली परीक्षा तिची शेवटची होती. त्या वर्षी वयाची अट संपत होती. पुढल्या वर्षीचा अर्ज तिला भरताच येणार नव्हता.

परीक्षा झाली. ती हसत बाहेर आली. बापाच्या हातात प्रश्नपत्रिका देऊन म्हणाली, "बघा तर, तुमचा प्रश्न आलाय. अक्षरसुद्धा बदललेलं नाही." पान एकसष्ट, प्रश्न चौतीस. जसाच्या तसा. सरांना काय आनंद झाला! खाली टायरवाल्याला दाखवला, समोरच्या चहावाल्याला दाखवला. ज्याने आयुष्यभर परीक्षेच्या दाराबाहेर उभे राहून मुलांना आत पाठवले, त्याचे एक वाक्य त्या दाराच्या आत जाऊन बसले होते.

महिन्याभराने परीक्षा घेणाऱ्या मंडळाची उत्तरतालिका आली. या परीक्षांत अशी पद्धत असते: आधी कच्ची तालिका जाहीर करतात, सात दिवस हरकती मागवतात, मग पक्की. बाप-लेकीने वर्गात बसून गुण मोजले. ती वाचत होती, सर खुणा करत होते. त्या प्रश्नापाशी मंडळाचे उत्तर होते, दोन. "नातू," ती म्हणाली. "नातू," सर म्हणाले, आणि खूण केली. बेरीज झाली एकशे एक्कावन्न. गेल्या वर्षीची निवडीची रेषा एकशे पन्नासवर होती. यंदा ती एकाने चढणार, असे सगळे वर्ग एकमुखाने सांगत होते. म्हणजे लेक आत होती. काठावर, पण आत.

ती जागची उठली, भिंतीकडेची एक मोकळी खुर्ची ओढून तिच्यावर ताठ बसली, दोन्ही हात समोरच्या बाकावर ठेवले. सरांनी ते पाहिले आणि चष्मा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी तुकडी सुटल्यावर कॉलरबाई आल्या.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या कॉलर लावण्याचे काम करीत, म्हणून वर्गातल्या मुलांनी ठेवलेले हे नाव. त्यांनीही ते हसून घेतले होते. नवरा गेलेला, घरी सासू आणि दोन मुली. कारखान्याच्या दुसऱ्या पाळीत काम करून त्या पहिल्या तुकडीला येत आणि पहिल्या बाकावर बसत. त्यांना एकशे पन्नास मिळत होते.

"सर, मी भांडायला नाही आले," त्या म्हणाल्या. "निळ्या संचात नातू आहे, मंडळ नातू म्हणतंय, म्हणजे नातूच असणार. पण मी चौथा लिहिला. माझं कुठं चुकलं, तेवढं समजावून द्या. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तिथंच माती खाईन."

सरांनी खडू घेतला. प लिहिले, भोवती गोल काढला, आई आहे. खाली फ आणि ब. फ विषयी सांगितलेले नाही, म्हणून नुसते अक्षर. ब वडील आहेत, म्हणून चौकोन. त्याखाली भ. आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने हाताने भ भोवती चौकोन काढला.

"सर, हा चौकोन कुठून आला?" बाईंनी विचारले.

सर वळले.

"फ ला तुम्ही मोकळं सोडलंत. मग भ ला का नाही?" बाईंचा आवाज संकोचाचा होता, पण वाट चुकलेला नव्हता. "मी कशी विचार करते सांगू? माझ्यापुढं कापड आलं आणि कुणासाठी शिवायचं तेच सांगितलं नाही, तर मी पुरुषाचं माप धरू की बाईचं? मी कात्रीच लावत नाही. बाजूला ठेवते. म्हणून चौथा लिहिला."

खाली दुकानात कुणीतरी चाकावर हातोडा मारत होते. तो आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. सर फळ्याकडे पाहत होते. सज्जनहो, एखाद्या पुजाऱ्याने बत्तीस वर्षे मूर्तीला वस्त्र नेसवावे आणि एके सकाळी कुणी भोळ्या भक्ताने विचारावे, महाराज, मूर्ती कुठे आहे? तसे ते उभे होते. ज्या नियमावर त्यांनी हजारोंना उभे केले, तो नियम त्यांच्याच हाताने, त्यांच्याच पुस्तकात, मोडलेला होता.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं चुकलेलं नाही. माझं चुकलंय."

मग प्रश्न उभा राहिला हरकतीचा. मंडळाच्या अर्जात पुराव्याचा रकाना असतो. नुसते "माझे बरोबर आहे" तिथे चालत नाही. आणि हा प्रश्न ज्या ज्या पुस्तकात होता, तिथे तिथे निळ्या संचातूनच गेलेला होता, उत्तरासकट. म्हणजे जगातला प्रत्येक छापील कागद नातू म्हणत होता. त्याच्याविरुद्ध बोलू शकेल असा पुरावा एकच: मूळ प्रश्न ज्याने रचला, त्याचे सहीनिशी पत्र. सर म्हणाले, उद्या या, लिहून ठेवतो.

बाई नमस्कार करून निघाल्या. चार पायऱ्या उतरल्या, आणि परत वर आल्या.

"ताईंचे किती झाले, सर?"

"एकशे एक्कावन्न."

"त्यांनी काय लिहिलंय?"

"मी शिकवलं ते."

बाई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. मनात काय बेरीज-वजाबाकी झाली असेल, ते चेहऱ्यावर स्पष्ट उमटले. मग त्या म्हणाल्या, "राहू द्या सर. मला अजून दोन वर्षं आहेत." आणि खरोखरच गेल्या.

आता बघा देवाची लीला कशी असते. ज्याला बांधायचे त्याला तो आधी मोकळे करतो. सरांवर आता कुणाचेही ओझे नव्हते. मागणारी स्वतःच नको म्हणून गेली होती. गप्प बसले असते, तर जगाच्या पाठीवर कुणालाही, कधीही, काहीही कळले नसते. फळा पुसला की झाले. त्यांनी फळा पुसला नाही. दुपारच्या तुकडीला सुट्टी दिली आणि त्या चौकोनासमोर बसून राहिले.

लेक जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा त्यांनी तिला टाइप करायला बसवले. त्यांचा हात थरथरत असे. त्यांचा प्रत्येक कागद तीच टाइप करी, हाही तिनेच करायचा होता. त्यांनी सांगायला सुरुवात केली: मी खाली सही करणार, सरावसंचाचा लेखक, असे लेखी कळवतो, की पान एकसष्टवरील चौतिसाव्या प्रश्नात भ ही व्यक्ती पुरुष की स्त्री याचा उल्लेख नाही, त्यामुळे तेथील उत्तर.

तिची बोटे थांबली. आधी तिने फळ्याकडे पाहिले, मग बापाकडे. ती त्याच घरात वाढलेली होती. तिला उकल करून सांगावी लागली नाही. कोण आले होते, तेवढेच तिने विचारले. सरांनी सगळे सांगितले. बाई नको म्हणून गेल्या, तेही सांगितले. काही लपवले नाही.

"त्यांना अजून दोन वर्षं आहेत, बाबा," ती म्हणाली. "मला नाहीत."

"हो."

"आणि त्या स्वतः नको म्हणाल्या."

"हो."

"मग कशासाठी?"

सरांनी पर्याय दिले नाहीत. मग ते म्हणाले, "ती माझ्याकडे गुण मागायला नव्हती आली गं. स्वतःची चूक शोधायला आली होती. जी चूक तिनं केलीच नाही, तिची शिक्षा घेऊन ती घरी गेलीय. ती मला परत आणायचीय."

लेकीने मान खाली घातली. खालून रबराचा वास येत होता. डबा तसाच बाकावर होता. शेवटी तिने हात पुन्हा कळफलकावर ठेवले आणि म्हणाली, "सांगा पुढचं."

सर म्हणाले, "लिही, ही छपाईची चूक."

"ती छपाईची नाही," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण धार आली होती. "मूळ वही मी कितीदा पाहिलीय. तुमच्या हातचा चौकोन आहे तिथे. एवढं करताय, तर तेवढं तरी खरं लिहा."

ती उठली, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून ती जुनी, पिवळी पडलेली वही काढली आणि पान उघडून बापापुढे ठेवली. पेन्सिलीने काढलेली आकृती. प भोवती गोल. फ मोकळे. ब भोवती चौकोन. भ भोवतीही चौकोन, दोनदा गिरवलेला, ठळक. सरांना प्रत्येक पानावर तारीख टाकायची सवय होती. लेकीने त्या तारखेवर आजवर कधी नजर रोखली नव्हती. आज रोखली. तो तिच्या जन्माचा दिवस होता.

तेव्हा सरांनी सांगितले. रुग्णालयाचा लांब व्हरांडा होता. संध्याकाळपर्यंत शेवटची पाने छापखान्यात द्यायची होती, म्हणून ते बाकावर वही घेऊन बसले होते. शेजारी त्यांची आई. आत लेकीची आई. सुचेना काही, म्हणून समोर दिसत होते तेच लिहिले.

"प म्हणजे तुझी आजी," ते म्हणाले. "फ म्हणजे तुझी आत्या. ब म्हणजे मी. तुझी आजी सकाळपासून एकच म्हणत होती, नातू होणार, नातूच होणार. इतक्यांदा म्हणाली, की हातातून चौकोनच उतरला. मग दार उघडलं, आणि नर्सनं तुला आणून हातात दिलं. वही बाकावरच राहिली. छापखान्याचा माणूस येऊन घेऊन गेला." त्यांनी वही मिटली. "मी ते पान पुन्हा बघायला हवं होतं. पण तू इतकी गोड होतीस, मला दुसरं काही बघायचं सुचलंच नाही."

लेक हसली. आणि हसता हसता तिने पदराचे टोक तोंडावर दाबून धरले. "म्हणजे चूक माझ्यामुळेच राहिली म्हणायची," ती म्हणाली.

मग तिने टाइप केले: ही छपाईची चूक नाही. ही माझी चूक आहे. भ हा मुलगा आहे असे मी गृहीत धरले. योग्य उत्तर, पर्याय चार.

सरांनी सही केली. आणि ते पत्र कारखान्याच्या दाराशी, पाळी बदलताना, लेकीने स्वतः नेऊन दिले. कॉलरबाई घेईनात. मागे सरल्या, हात पाठीशी नेले. तेव्हा ही म्हणाली, "घ्या. मी टाइप केलंय, कागद चांगला वापरलाय. फुकट घालवू नका." एवढेच. आणि पाठ फिरवून चालू लागली, कारण तिथे आणखी थांबणे तिला झेपणारे नव्हते.

पक्की तालिका आली. त्या प्रश्नाचे उत्तर चार झाले. कॉलरबाई एकशे एक्कावन्न, लेक एकशे पन्नास. तरी आशा होती. रेषा जिथे होती तिथेच राहिली, तर दोघीही आत. बाप-लेक रोज सकाळी यादी लागली का पाहत. एके दिवशी लागली. रेषा एकशे एक्कावन्नवर थांबली होती.

लेकीने यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. कॉलरबाईंच्या नावाखाली तिने हलकेच बोट फिरवले. "एक तरी नाव आपल्या वर्गाचं आहे," म्हणाली, आणि तिसऱ्या तुकडीचे कागद लावायला बसली.

त्या दिवसापासून सरांनी पर्याय देणे सोडले. चहा विचारीत, तो साधा विचारीत. मुलांनी लाडाने डिवचले, "सर, चौथा पर्याय?" तर ते नुसते हसत, आणि ते हसू पाहून पुन्हा कुणी विचारीत नसे. लेकीने त्यांना एका शब्दाने दुखावले नाही. मला वाटते, तेच त्यांना अधिक दुखले.

आणि मग त्यांनी एक काम हाती घेतले. दुपारी जेवण झाले, की खिशात पेन घालून निघत. जुन्या पुस्तकांचे ठेले, वाचनालये, दुसऱ्यांचे वर्ग, जुन्या विद्यार्थ्यांची घरे. जिथे निळा संच दिसेल तिथे पान एकसष्ट काढीत, प्रश्नाखाली छापलेल्या उकलीच्या आकृतीतला भ भोवतीचा चौकोन आडव्या रेघेने खोडीत, मग मागचे पान काढून दोनचे चार करीत, आणि खाली आद्याक्षर घालीत. ठेलेवाले आधी ओरडत, मग ओळखू लागले. "काका आले दुरुस्तीला," म्हणत आणि स्वतःच गठ्ठा काढून पुढे ठेवीत. एक ठेलेवाला एकदा म्हणाला, "काका, जिथं लागायचा तिथं निकाल लागून गेला. आता कशाला उन्हात फिरता?" सर म्हणाले, "पुस्तक अजून आहे ना."

भक्त माळेचे मणी मोजतो. त्यांनी प्रती मोजल्या. दोन वर्षांत तीनशे अकरा. तीनशे बारावी त्यांना एका वाचनालयात सापडली. तिथेच खुर्चीत, पान उघडे असताना, पेनाचे टोपण काढलेले असताना, त्यांची मान एका बाजूला कलली. ग्रंथपालाला वाटले, डोळा लागला. चौकोन खोडून झाला होता. मागचे उत्तर राहिले होते.

ते नंतर लेकीने जाऊन पूर्ण केले. दोनचे चार केले, आणि खाली बापाचे आद्याक्षर घातले, स्वतःचे नाही.

वर्ग आता ती चालवते. वर्गात मुलांसाठी बाक आणि फळ्यापाशी तिची खुर्ची, असे आहे. पण ती बहुधा उभीच असते. कॉलरबाई पाणीपुरवठा खात्यात आहेत. सुट्टीच्या दिवशी येतात, पहिल्या बाकावर बसतात, नव्या मुलांच्या वह्या तपासतात. दोघी फार बोलत नाहीत.

निळ्या संचाची नवी आवृत्ती करायची म्हणून लेकीने मूळ वही पुन्हा काढली. पान एकसष्टवर आली, आणि थबकली. तिला आठवत होता तो दोनदा गिरवलेला चौकोन तिथे नव्हता. तो खोडरबराने पुसला होता. इतका घासून, की कागद पातळ झाला होता. आणि त्या जागी, थरथरत्या हाताने, दोन ठिकाणी तुटलेला, एक गोल काढलेला होता.

नियमाप्रमाणे तेही चूक होते. प्रश्नात सांगितलेले नाही, म्हणजे तिथे कुठलीच रेघ नको. छापायच्या पानावर तिने भ मोकळे ठेवले, उत्तर चार लिहिले, दोनदा तपासले.

वहीतला गोल मात्र तिने पुसला नाही.